बॅटरीची बारी

संपादकांनी मला ‘सौरऊर्जा आणि बदलतं ग्रामीण जीवन’ असा विषय दिला होता. ग्रामीण जीवन किती बदललं हे मला नीट सांगता येणार नाही, कारण माझा बहुतेक वेळ जिन्याखाली जातो. आपल्याकडे घर बांधताना देवघराची जागा ठरते, न्हाणीची ठरते, गाडी कुठं लावायची तेही ठरतं. बॅटरीची जागा कुणी ठरवत नाही. मग ती जिन्याखाली जाते. तिथं आधीपासून जुन्या चपला, कांद्याच्या रिकाम्या गोण्या आणि कुणाच्या तरी वाढदिवसाचा गुंडाळलेला फ्लेक्स असतो. त्या खबदाडात पाठ वाकवून बसलं की माणसं दिसत नाहीत, पण ऐकू सगळं येतं. तेव्हा पुढं जे सांगणार आहे त्यातलं निम्मं ऐकीव आहे, पण प्रत्यक्ष हजर राहून ऐकलेलं आहे.

शिरूरला माझं इन्व्हर्टर आणि सोलरचं दुकान आहे. त्याआधी आयटीआय करून मी रांजणगावच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होते. वायरी ओढण्यात आयुष्य गेलं, तरी अजून नव्या गिऱ्हाइकाच्या दारात उभी राहिले की घरची बाई माझ्या खांद्यावरून मागं बघते.

“मिस्त्री मागनं येतोय का?”

“आलाय.”

“कुठं हाय?”

“शिडी कुठं आहे ते सांगा.”

एवढ्यावर बहुतेकांना कळतं. ज्यांना कळत नाही त्यांना मी छपरावर गेल्यावर कळतं.

आमचा धंदा समजायला अवघड नाही. छपरावरचं पॅनल कमावतं, बॅटरी साठवते आणि इन्व्हर्टर खर्च करतो. कमावणाऱ्याबद्दल कुणाची तक्रार नसते, ऊन फुकट आहे. खर्च करणाऱ्याबद्दलही नसते. भांडणं होतात ती साठवलेल्यावरून. म्हणून मी पॅनलची वॉरंटी पंचवीस वर्षांची बिनधास्त सांगते आणि बॅटरीचं विचारलं की आधी घरात माणसं किती आणि कशी आहेत ते विचारते.

हल्ली दोन घरांत मिळून एकच बॅटरी बँक घेण्याची पद्धत आमच्याकडं वाढली आहे. बँक म्हणजे चार-आठ बॅटऱ्या ओळीनं जोडून केलेला साठा. तिथं खातं निघत नाही, हेही मला एका आजोबांना सांगावं लागलं आहे. प्रत्येक घराचे पॅनल वेगळे, इन्व्हर्टर वेगळा, मधली बॅटरी तेवढी सामाईक. असं करता येतं का? येतं. दोन्ही इन्व्हर्टरच्या वायरी सारख्या लांबीच्या हव्यात, दोघांना वेगवेगळे फ्यूज हवेत, दोघांचे आकडे एकसारखे लावलेले हवेत. खरी मेख अशी की प्रत्येक इन्व्हर्टरला वाटतं, ही बॅटरी माझ्या एकट्याची. शेजारी दुसरा कुणी त्याच बॅटरीतून घेतोय हे त्याला माहीतच नसतं. एक भरत असला तर दुसऱ्याला वाटतं, वा, भरली. दुसरा ओढत असला तर पहिल्याला वाटतं, अरे, संपली. तरी ते बिचारे भांडत नाहीत. यंत्रांचा हा गुण मी पुष्कळ घरांत बोलून दाखवला आहे, उपयोग झालेला नाही.

कारेगावात कंपनीतल्या कामगारांना खोल्या भाड्यानं देणाऱ्या एका मालकानं अशी बँक बसवून घेतली होती. दोन इन्व्हर्टर, दोन बाजूच्या खोल्या. मी निघताना बजावून सांगितलं होतं, बॅटरी एक असली तरी दोन्ही इन्व्हर्टरकडून खोल्यांकडं जाणाऱ्या वायरी एकमेकींना कधीही जोडायच्या नाहीत. आठवड्यात फोन आला. गेले तर भिंतीवर काळा पट्टा, आणि एक इन्व्हर्टर उघडून बघायच्याही लायकीचा राहिला नव्हता. तिथं राहणारा बिहारचा एक मुलगा शांतपणे म्हणाला, “मॅडम, सेठजीने बोला, दोनों जोड दो तो डबल लाईट आएगी.”

“आई थी क्या?”

“आई थी. एक बार.”

दौंडला रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका होते. त्यांनी आणि शेजारीच दिलेल्या त्यांच्या लेकीनं मिळून बँक घेतली. काकांना आयुष्यभर सिग्नल बघायची सवय. ते रोज संध्याकाळी मला फोन करून बॅटरीचा व्होल्टेज सांगत. “पंचवीस पॉइंट चार,” ते म्हणत. मी “बरं” म्हणे. ते फोन ठेवत. एकदा मी विचारलं, काका, काही तक्रार आहे का? तर म्हणाले, “नाही. तुम्हाला माहीत असावं म्हणून.” गेल्या वर्षी काका गेले. आता संध्याकाळी त्यांच्या लेकीचा फोन येतो. “ताई, पंचवीस पॉइंट सहा.” मी बरं म्हणते. या फोनचं मी काही करू शकत नाही, आणि तो आला नाही तर मला जेवण जात नाही.

पण मला सांगायचं आहे ते वडगाव रासाईचं.

भीमेच्या कडेला मळ्यात एक घर आहे. घरातले म्हातारे आबा तरुणपणी मेंढरं राखायचे. दिवाळी झाली की कळप घेऊन बाहेर पडायचे ते पावसाळ्याच्या तोंडाशी घरी यायचे. पुढं मेंढरं विकली, जमीन ओलिताखाली आली, ऊस आणि कांदा आला. मुलं दोन, थोरले सोपान आणि धाकटा खंडू. रीतसर वाटण्या झाल्या. रान वाटलं, घर मधोमध भिंत घालून वाटलं, मधे एक बोळ तेवढी दोघांची ठेवली. विहीर वाटता येत नाही, म्हणून तिला बारी लावली.

शहरातल्या वाचकांसाठी सांगते. बारी म्हणजे पाण्याची पाळी. दोन दिवस थोरल्याची मोटर चालणार, दोन दिवस धाकट्याची. आपल्या बारीत आपण पाणी उपसायचं, दुसऱ्याच्या बारीत विहिरीत वाकूनसुद्धा बघायचं नाही. कुणाला अडचण आली तर बारी उसनी घेता येते, पण ती फेडावी लागते. न फेडता राहिली तर नातवंडांच्या लग्नापर्यंत बोलून दाखवतात. आणि आपल्या बारीत विहिरीत पाणी मागं ठेवायचं नाही, हा त्यातला न सांगितलेला नियम. ठेवलं तर ते उद्या दुसऱ्याच्या उसाला जातं. शिवाय विहीर तळापर्यंत उपसली की झरे मोकळे होतात, म्हणजे उपसणं विहिरीच्याही हिताचं.

थोरल्याची बायको सुमनताई, धाकट्याची रंजना. भिंत घातल्यापासून सुमनताईंनी रंजनाचा उंबरा ओलांडला नव्हता. का, ते मला दोघींनी वेगवेगळं सांगितलं, आणि दोन्ही कारणं ऐकून मला बरोबर वाटली.

बँक घ्यायची मूळ गरज रंजनाची होती. तिनं अंडी उबवायचं मशीन घेतलं होतं. वाडीतल्या बाया आपापल्या गावरान कोंबड्यांची अंडी तिच्याकडं आणून देत. प्रत्येकीची खूण वेगळी, कुणाची पेन्सिलीची फुली, कुणाचा हळदीचा ठिपका. पिल्लं निघाली की निम्मी अंडीवालीची, निम्मी रंजनाची. मशीन वीज फार खात नाही, पण ती सतत लागते. कोंबडी अंड्यांवरून चार तास उठून गेली तर जे होईल तेच लाईट गेली की होतं. एकट्या खंडूला बँक झेपेना. तेव्हा आबा म्हणाले, “हीर एकात चालती, तर ह्ये का न्हाई चालायचं?” मी बोळीतल्या जिन्याखाली चार बॅटऱ्या मांडल्या, दोन्हीकडचे इन्व्हर्टर जोडले आणि सगळ्यांना समोर बसवून समजावलं.

त्यात एक गोष्ट मी दोनदा सांगितली. सोपानभाऊंचा इन्व्हर्टर त्यांच्या साडूनं दिलेला, जुना. बॅटरी अमुक इतकी उतरली की इन्व्हर्टर स्वतःहून बंद होतो, त्याला आम्ही कट-ऑफ म्हणतो. साडूच्या इन्व्हर्टरचा कट-ऑफ वर होता आणि बदलता येत नव्हता. म्हणजे संध्याकाळी सोपानभाऊंचं घर आधी अंधारात जाणार आणि खंडूचं थोडा वेळ चालू राहणार. “तुमचं दार आधी लागेल,” मी म्हटलं. “लागंना का,” सोपानभाऊ म्हणाले. “आमी लवकरच झोपतो.”

लवकर कुणी झोपत नाही. सुमनताईंच्या घरात अंधार झाला की भिंतीपलीकडून खंडूच्या टीव्हीतली भांडणं ऐकू यायची. सुमनताईंनी सरळ हिशेब मांडला, आमच्यातली लाईट वढून तिकडं टीव्हीत चालली. मग दोघा भावांनी बसून, मला न विचारता, माहीत असलेला एकमेव न्याय लावला. बॅटरीला बारी लावली.

हे मला कळलं वळवाच्या पावसानंतर. वादळानं न्हावऱ्यापासून पुढं खांब आडवे झाले होते. सकाळी दुकान उघडतेय तोवर रंजनाचा फोन. “ताई, लाईट रातच्याला गेलीया ती आज यायची न्हाई म्हणत्यात. आन् बॅटरी टिकंना. मशीन थंड पडाया लागलंय. अंडी आता फुटायला आल्याती ताई.” आधीच्या खेपेची अंडी अशीच वाया गेली होती, आणि दोन-तीन बायांनी तिच्याकडं देणं बंद केलं होतं. हीही खेप गेली तर वाडीतली एक बाई पुन्हा तिच्या हातात अंडं देणार नव्हती. मी स्कूटर काढली.

बोळीत गेले आणि जिन्याखाली वाकले. बॅटऱ्यांच्या वर भिंतीत एक भलामोठा चेंजओव्हर बसवला होता. विहिरीवर मोटर लाईटवर चालवायची की जनरेटरवर हे ठरवायला जो दांड्याचा स्विच असतो, तो. दांडा वर केला की बॅटरी सोपानकडं, खाली केला की खंडूकडं. प्रत्येक वेळी ठिणगी पडून त्याची पानं चुलीतल्या पत्र्यासारखी काळी झाली होती. मी बॅटऱ्या तपासल्या. चारही थकलेल्या होत्या.

“हे काय आहे?” मी विचारलं.

“बारी,” खंडू म्हणाला. “विहिरीवर ज्याची, हितंबी त्याची. भांडान न्हाई काय न्हाई.”

“आणि आपल्या बारीत किती वापरता?”

दोघं भाऊ माझ्याकडं असे बघायला लागले, जणू मी विचारलंय, जेवताना किती जेवता.

“आपल्या बारीत मागं कशाला ठेवायचं?” सोपानभाऊ म्हणाले.

मी जिन्याखालून बाहेर आले आणि पायरीवर बसले. ज्याची बारी तो शेवटच्या थेंबापर्यंत उपसत होता. इस्त्री लाव, घरघंटी लाव, तेही संपलं तर दिवसा दिवे लाव, पण सकाळी भावाला भरलेली बॅटरी मिळता कामा नये. विहिरीला ते मानवतं. बॅटरीचं नेमकं उलट आहे. तळ गाठला की तिचे झरे मोकळे होत नाहीत, कायमचे बुजतात. आणि वर कमाल अशी की बारी एकाची असताना दुसऱ्याच्या छपरावरचे पॅनल नुसतेच उन्हात पडलेले. निम्मं ऊन रोज वाया. एवढ्या वर्षांत मी बॅटऱ्या उंदरांनी, पाण्यानं, विजेनं, मुंग्यांनी मेलेल्या पाहिल्या. सामाईकपणानं मेलेल्या या पहिल्याच.

“आज बारी कुणाची?” मी विचारलं.

“सकाळपासनं आमची,” आतून सुमनताईंचा आवाज आला.

मी आधी रंजनाकडं जाऊन मशीन पाहिलं. तिनं त्यावर आबांचं जुनं घोंगडं पांघरलं होतं, आत गरम पाण्याच्या बाटल्या ठेवल्या होत्या. काटा हळूहळू खाली येत होता. मी बाहेर येऊन सगळ्यांना सांगितलं ते असं. बॅटऱ्या मरायला टेकल्यात, पण एकट्या मशीनचा भार अजून दोन दिवस पेलतील. त्यासाठी तो चेंजओव्हर काढून दोन्ही इन्व्हर्टर पुन्हा एकत्र जोडायचे. आभाळ ढगाळ आहे, एका छपराचं ऊन पुरणार नाही, दोन्हीकडचं त्यात पडलं पाहिजे. आणि लाईट येईपर्यंत त्या बॅटरीवर मशीनशिवाय दुसरं काहीही लावायचं नाही. ना पंखा, ना फ्रिज, ना दिवा. दोन्ही घरांत.

पण त्या दिवशी सुमनताईंच्या लेकीला बघायला पाव्हणे येणार होते. संध्याकाळी. सुमनताईंनी सकाळपासून बॅटरी जपून ठेवली होती, फ्रिजसुद्धा बंद ठेवला होता, पाव्हण्यांसमोर घर उजळावं म्हणून. स्थळ चांगलं होतं, मुलगा पुण्यात नोकरीला होता. त्यांना घरात मेणबत्ती लावून बसवायचं?

खंडू म्हणाला, “दादा, आजची बारी उसनी दे.”

“कवा नको ते आजच पायजे व्हय?” सोपानभाऊ म्हणाले. “आन् मागं तू उसाच्या टायमाला दिली हुतीस का?”

मी पान्हा हातात धरून उभी होते. आमच्या धंद्यात एक पथ्य असतं, मालकानं हो म्हटल्याशिवाय वायर सोडायची नाही. इथं मालक दोन होते आणि त्या दिवसापुरता एकच.

तोवर ओट्यावर बसलेले आबा बोलले. आबा फार बोलत नाहीत, मेंढरांबरोबर राहिलेली माणसं बोलायची सवय हरवून बसतात. “बारी रानाला असती,” ते म्हणाले. “जनावर तान्हेलं असलं तर बारी न्हाई. मी मेंढरं घिऊन किती मुलूख हिंडलो. लोकं रानातनं हाकलायची, शिव्या द्यायची, पर कळप हिरीवर आला की कुणाची बारी हाय आसं कुणी इचारलं न्हाई. मुकं जनावर आधी प्यायचं. आपल्या हिरीलाबी त्योच नेम हाय.”

हा नेम दोघा भावांना माहीत होता. पण सोपानभाऊंनी मुद्दा काढला.

“आबा, जनावराला न्हाई म्हणतोय का मी? पर अंडं म्हंजी जनावर न्हवं. अंडं म्हंजी अंडं. बाजारात डझनावर मिळतंय.”

“मंग त्ये बाजारातलं उबवून दाव,” खंडू म्हणाला.

“फुटल्यावर जनावर. फुटायच्या आधी न्हाई.”

आबांनी विचार केला. मग माझ्याकडं वळले. “ताई, तुमी शिकल्याल्या. अंडं जनावरात मोडतंय का?”

“आबा,” मी म्हटलं, “आमच्या आयटीआयला हा विषय नव्हता.”

मला हसू येत नव्हतं. आत काटा उतरत होता आणि बाहेर आम्ही सगळी मोठी माणसं अंड्याची जात ठरवत बसलो होतो. रंजना दारात उभी होती, तिनं पदराचं टोक दातात धरलं होतं.

तेवढ्यात सुमनताई त्यांच्या दारातून बाहेर आल्या. पाव्हण्यांसाठी नेसलेली चांगली साडी, हाताला बेसन लागलेलं. त्यांनी नवऱ्याकडं बघितलं नाही, सासऱ्याकडं बघितलं नाही. बोळ ओलांडून सरळ रंजनाच्या उंबऱ्यावर गेल्या, तिथं क्षणभर थांबल्या आणि आत गेल्या. मी मागोमाग गेले.

“एक दे,” त्या रंजनाला म्हणाल्या.

रंजनानं घोंगड्याखाली हात घालून झाकण जेमतेम उघडलं आणि एक अंडं काढून दिलं. सुमनताईंनी हात पदराला पुसले, अंडं घेतलं आणि आपण मोबाईल कानाला लावतो तसं कानाला लावलं.

बाहेर खंडूचा बैल घंटा वाजवत होता, तर सोपानभाऊंनी जाऊन त्याची वेसण धरली. त्यांनाही ऐकायचं होतं बहुतेक.

अंडी फुटायला आली की पिल्लू आतूनच चिवचिवायला लागतं. शांतता असेल आणि अंडं कानाशी असेल तर ऐकू येतं. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. सुमनताईंच्या चेहऱ्यावरून मला कळलं. त्यांच्या कपाळावरची आठी आधी घट्ट झाली आणि मग गेली.

“बोलतंय,” त्या म्हणाल्या.

त्यांनी अंडं दारात आणून नवऱ्याच्या कानाला लावलं. सोपानभाऊंनी डोळे मिटून ऐकलं.

“किडा असंल,” ते म्हणाले.

“तुमच्या कानात,” सुमनताई म्हणाल्या. मग ओट्याकडं वळून, “आबा, जनावर हाय.”

“मंग झालं,” आबा म्हणाले.

सुमनताईंनी अंडं रंजनाच्या ओंजळीत परत दिलं, बोळीत येऊन जिन्याखाली वाकून आपल्या हातानं चेंजओव्हरचा दांडा मधे आणून बंद केला. “ताई, करा काय करायचं त्ये,” त्या मला म्हणाल्या. नवऱ्याला म्हणाल्या, “पाव्हण्यांना फोन लावा. म्हणावं, उजेडात या. पोरगी उजेडात बघितल्याली बरी.”

मी तो चेंजओव्हर उचकटला, काळी पानं कापडानं धरून बाहेर टाकली. दोन्हीकडच्या वायरी फ्यूज घालून थेट बॅटरीवर घेतल्या. साडूच्या इन्व्हर्टरला मी फक्त कमवायला लावलं, खर्चाचं त्याचं बटण बंद केलं. ढगातून ऊन येत-जात होतं. जेव्हा यायचं तेव्हा दोन्ही छपरांवरून यायचं. जेवणवेळेपर्यंत मशीनचा काटा जागेवर आला. रंजना माझ्याशेजारी जमिनीवर बसली आणि ढसाढसा रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. मलाही भरून आलं होतं, पण हाताला बॅटरीचं ॲसिड होतं म्हणून मी डोळे पुसले नाहीत.

पाव्हणे उजेडात आले, अंगणात बसले, पोहे खाऊन दिवेलागणीच्या आत गेले. स्थळ जमलं नाही. बॅटरीचा त्यात दोष नव्हता, मुलीनंच नको म्हटलं.

लाईट तिसऱ्या दिवशी आली. पिल्लं त्याआधीच आली होती. काही अंडी फुटली नाहीत, काही तशीही फुटत नाहीत. रंजनाचा फोन आला तेव्हा मागं इतका गलबला होता की ती काय बोलतेय ते मला समजलं नाही. मी बरं म्हटलं.

महिन्यानं मी तिथं नव्या बॅटऱ्या बसवायला गेले. साडूचा इन्व्हर्टर साडूला परत गेला होता, त्याजागी आकडे बदलता येणारा घेतला होता. दोन्हीकडं एकच कट-ऑफ लावला, म्हणजे अंधार झालाच तर दोन्ही घरांत एकदम. हे ऐकून सोपानभाऊ समाधानानं म्हणाले, “मंग आमची काय तक्रार न्हाई.” बॅटरी मरते ती उपसल्यानं, हे मी परत एकदा सगळ्यांना समजावलं. किती पोचलं ते सांगता येत नाही. या धंद्यात मला खंत वाटते ती एवढीच, माझं बोलणं लोकांना पटतं ते नवी बॅटरी घेताना, जुनी चांगली असताना नाही.

मी जिन्याखाली वायरी कसत होते. बोळीत दोघी जावांची पावलं वाजली.

“अक्का,” रंजना म्हणाली, “त्या दिवशीची बारी फेडायची ऱ्हायलीया. सोमवारी विहिरीवर आमची हाय. तुमी घ्या. कांद्याला पाणी हुईल.”

“कसली बारी?”

“तुमी दिली न्हवं का, बॅटरीची.”

“मी कवा दिली?” सुमनताईंचा आवाज नेहमीसारखा कोरडा होता. “जनावराला बारी नसती, आबांनी सांगितलं न्हाई का तुला? मी काय दिलंच न्हाई, तर तू फेडतीस काय?”

मला रंजनाचा चेहरा दिसत नव्हता, दोघींचे पाय तेवढे दिसत होते. मग सुमनताईंचे पाय त्यांच्या घरात गेले. मला वाटलं, संपलं. मी हातातला पान्हा तसाच धरून ठेवला. पाय परत आले, आणि रंजनाच्या पायांसमोर जमिनीवर एक पाटी टेकली. पाटीत भुश्यावर अंडी मांडलेली होती.

“कोळशाची खूण माझी,” सुमनताई म्हणाल्या. “मोजून घे.”

रंजनानं पाटी उचलली आणि न मोजताच आत नेली.